काचेवरचा शेजारी

१

माझं अक्षर बारीक आहे. शाळेत बाई म्हणतात, पेपर तपासताना मुंग्यांची रांग सोडल्यासारखी वाटते. बाबांनी ते ऐकलं आणि तेव्हापासून ते मला मुंगी म्हणायला लागले. या सुट्टीत त्यांना असंच अक्षर हवं होतं, कारण वहीचे रकाने अरुंद होते आणि लिहायचं पुष्कळ होतं.

बाबा चौतीस वर्षं वेधशाळेत होते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा दिवसा झोपतात. दादा आणि मी घरात मोजे घालून चालायला आधी शिकलो, बोलायला नंतर. मग दुर्बिणीवर नवे कॅमेरे आले, संगणक आले, रात्री जागायला माणूस लागेनासा झाला आणि बाबांच्या वयाची मंडळी तळमजल्यावरच्या काचांच्या खोलीत आली. ती आपणहून आली की पाठवली गेली, हे आई एका प्रकारे सांगायची आणि बाबा दुसऱ्या.

चौतीस वर्षांत बाबांनी मुख्यतः एकाच ताऱ्याचा अभ्यास केला. त्याला नाव नाही, आठ आकडी क्रमांक आहे. तो दर दोनशे अकरा दिवसांनी मंद होतो आणि पुन्हा ठळक होतो. बाबांचं म्हणणं असं, की हा काळ हळूहळू वाढतो आहे, म्हणजे तारा आतून बदलतो आहे. आई ओळखीच्या बायकांना सांगायची, माझी सवत आठ आकडी आहे.

बाबांचं म्हणणं सिद्ध करायला जुन्या काचा होत्या. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवर घेत. तशा सहाशे चाळीस काचा त्या ताऱ्याच्या होत्या, काही बाबांच्या जन्माआधीच्या. निवृत्तीला चार महिने उरले होते. तेवढ्यात सगळ्या पुन्हा तपासून एक शेवटचा निबंध लिहायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

काम साधं होतं. टेबलाला वरून दुधी काच आणि खालून दिवा. त्यावर मी फोटोची काच ठेवायची. फोटो उलटा असतो, आकाश पांढरं आणि तारे काळे. तारा जितका ठळक, तितका ठिपका मोठा. बाबा भिंगातून बघायचे. आपल्या ताऱ्याच्या आजूबाजूचे पाच तारे त्यांनी ठरवले होते, ज्यांचं तेज कधी बदलत नाही. त्यांना ते शेजारी म्हणायचे. सगळ्यांत ठळक क, मग ख, ग, घ आणि सगळ्यांत फिका च. बाबा म्हणायचे, "ख च्या चार पायऱ्या खाली." मी लिहायची. पुढची काच.

नियम एकच होता. वही बाबांनी बघायची नाही आणि मी काही बोलायचं नाही. आधीचा आकडा कळला की डोळा आपोआप तसाच आकडा शोधतो. बाबांच्या तरुणपणी एक लिहिणारा होता. एकदा आकडा ऐकून तो नुसतं "अं?" म्हणाला. तीन महिन्यांची निरीक्षणं फेकून द्यावी लागली. "भुवयासुद्धा वर करायच्या नाहीत, मुंगे," बाबांनी सांगितलं.

मला ते जड गेलं नाही. मला न बोलण्याची सवय आहे.

२

पाचव्या दिवशी बाबा एका काचेवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मग म्हणाले, च च्या डावीकडे एक नवा आहे. च पेक्षाही फिका. अगदी टोक मारल्यासारखा.

त्यांनी काच उचलून दुसऱ्या जागी ठेवली, म्हणजे तो टेबलावरचा डाग असेल तर मागे राहील. राहिला नाही. काचेच्या मागच्या बाजूवरून ब्रशने धूळ झटकली. तरी ठिपका गेला नाही. पुढची काच मागितली. तिच्यावरही होता, बरोबर त्याच जागी. मग त्याच्या पुढचीवरही.

मला त्यांनी भिंग दिलं. मी च शोधला, त्याच्या डावीकडे बघितलं. पांढरं होतं. पण माझी नजर शिकलेली नाही, म्हणून मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे बाबांनी विचारलं नाही.

काचांच्या कपाटांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्यांना सगळे कपाटकाका म्हणतात. ते चाळीस वर्षं काचा काढताहेत आणि ठेवताहेत. एखादा ओरखडा कोणत्या काचेवर आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. बाबांनी त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, पुन्हा चढवला.

"साहेब, तारा सरकारी दिसतोय," ते म्हणाले. "कागदोपत्री आहे, जागेवर नाही."

बाबाही हसले. पण मला म्हणाले, याच्यासाठी एक रकाना वाढव. मी रकाना आखला आणि वर लिहिलं, 'नवा'.

त्या दिवशी दुपारी बाबा हात धुवायला गेले असताना मी भिंतीजवळच्या फळीवरच्या जुन्या वह्या काढल्या. याच काचा बाबांनी बावीस वर्षांपूर्वीही तपासल्या होत्या. माझ्या जन्माआधीचं त्यांचं अक्षर होतं, सुबक, जरा उजवीकडे कललेलं. प्रत्येक काचेपुढे क ते च. त्याशिवाय एक डाग, एक ओरखडा, एका काचेवर कुणाच्या तरी बोटाचा ठसा, हेसुद्धा नोंदवलेलं होतं. नव्याबद्दल कुठेही काही नव्हतं.

मी वह्या जागेवर ठेवल्या. बाबा आले, रुमालाला हात पुसत. मी भुवया वर केल्या नाहीत.

३

पुढच्या आठवड्यात नवा च इतका झाला. मग घ इतका. मी खाली खाली लिहीत गेले आणि रकाना बघत गेले. काचा तारखेच्या क्रमाने येत नव्हत्या. कपाटकाका ज्या खणातून काढतील त्या यायच्या. एक साठ वर्षांपूर्वीची, पुढची तीस वर्षांपूर्वीची, मग पुन्हा जुनी. तरी नव्याचा आकडा रोज थोडा वरच जायचा. फोटो कधी घेतला याच्याशी त्याचा संबंध नव्हता. बाबांनी तो कधी बघितला, याच्याशी होता.

मला वाटलं, माझ्या लिहिण्यात घोळ झाला असेल. म्हणून मी एक चोरी केली. सोमवारी तपासलेली एक काच मी गुरुवारी पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली. पाकिटावरचा क्रमांक हाताखाली झाकला. सोमवारी त्या काचेवरचा नवा घ च्या एक पायरी वर होता. गुरुवारी बाबा म्हणाले, "नवा, ख पेक्षा ठळक." ती काच एकोणपन्नास वर्षं जुनी होती.

मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "क कुठे गेला?"

क हा सगळ्यांत मोठा ठिपका. मलासुद्धा भिंगाशिवाय दिसतो. तो त्यांच्या बोटापासून दोन बोटांवर होता. मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी टेबलावरून मान न उचलता हात वर केला, नियमाची आठवण करून द्यायला. मी तोंड मिटलं. "क दिसत नाही," त्यांनी सांगितलं आणि मी तसं लिहिलं.

ते मी लिहायला नको होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी आज्ञाधारक मुलगी आहे असं सगळे म्हणतात, आणि मला ते आवडायचं.

त्याच संध्याकाळी जेवताना बाबांनी आईला विचारलं, भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं का. आई म्हणाली, ते काय समोर. बाबा भिंतीकडे बघून हं म्हणाले. आम्हांला वाटलं, विचारात आहेत.

तीन दिवसांनी दादा माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, बाबांनी माझ्याशी अबोला धरलाय, काय केलं मी? त्याने केस वाढवले होते, त्यामुळे असेल असं त्याला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तो केस कापून आला. बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसला. बाबांनी वर्तमानपत्र उलगडलं आणि त्याची पानं दादाच्या ताटावरून पसरली.

दादा आधी हसला. मग त्याने हळूच ताट मागे ओढून घेतलं. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

४

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. बाबांनी सगळ्यांत खालची ओळही वाचली, छापणाऱ्याच्या पत्त्यासकट. दाब ठीक, पडदा ठीक, मोतीबिंदू नाही. बाई मला आणि आईला म्हणाल्या, या वयात असे डोळे मी बघितले नाहीत. निवृत्ती जवळ आली की काही माणसं गप्प होतात, त्यांना फिरायला न्या.

बाबा तेव्हा त्यांच्यासमोर, हनुवटी यंत्रावर टेकवून बसले होते. ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "छान तपासतात हा, आतूनच. पण स्वतः कधी येणार आहेत?"

घरी येताना आई रस्ताभर बोलत होती. दमणूक असेल, तळघरासारख्या खोलीत दिवसभर बसायचं, ऊन नाही, वारा नाही. मी हो हो करत होते. मलाही तेच खरं वाटायला हवं होतं. मला ऐकायला येत होतं की बाबा प्रत्येक गोष्टीला उत्तर देताहेत, नीट, विचार करून. त्यांना आमचे आवाज येत होते, फक्त ते शेजारच्या खोलीतून आल्यासारखे. मग रस्त्यावरसुद्धा त्यांना शेजारची खोली कुठे सापडत असेल, हा विचार मी पुढे करायचा नाही असं ठरवलं.

त्या आठवड्याच्या शेवटी आई चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. ती म्हणाली, "अहो, घ्या ना, निवतोय."

बाबा तिच्यामागच्या दाराकडे बघत प्रेमाने म्हणाले, "आत काय करतेस एवढा वेळ? ये ना बाहेर."

 आईने कप टेबलावर ठेवला, आत गेली आणि तिथून म्हणाली, "आले हं." मग बऱ्याच वेळाने मी आत गेले तेव्हा ती कपाट लावत होती. सगळे कपडे घडी केलेलेच होते. ती ते पुन्हा उलगडून घडी करत होती.

"तू दिसतेस ना त्यांना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो.

"मग तू त्यांच्यासमोरून हलू नकोस."

५

मी नियम मोडला. सोमवारी काचांच्या खोलीत गेल्या गेल्या मी वही उघडून बाबांच्या पुढे ठेवली. बावीस वर्षांपूर्वीची वहीही ठेवली. दोनदा दाखवलेल्या काचेच्या दोन आकड्यांभोवती लाल पेन्सिलीने गोल केले होते. काय बोलायचं ते मी रात्री पाठ केलं होतं, पण त्यातली दोनच वाक्यं तोंडातून निघाली. नवा काचेवर नाही, बाबा. आणि तो वाढतो तसे बाकीचे जाताहेत.

मला वाटलं होतं, ते रागावतील. ते वाचत राहिले. मी त्यांच्याकडे शास्त्रज्ञ म्हणून कधी नीट बघितलं नव्हतं. ते रकान्यावरून बोट खाली नेत होते आणि ओठ हलवत आकडे वजा करत होते. मग त्यांनी मला विचारलं, दादा घरी आहे का सध्या. मी म्हटलं, रोज तुमच्यासमोर जेवतो. त्यांनी विचारलं, आई? मी सांगितलं.

त्यांनी टेबलाखालचा दिवा बंद केला. "मग आता बघायचं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज घाबरलेला होता. आपल्या बाबांचा आवाज तसा ऐकणं किती वाईट असतं, ते मला सांगता येणार नाही.

कपाटकाकांनी काचा पाकिटांत भरल्या. चारशे बारा झाल्या होत्या, दोनशे अठ्ठावीस राहिल्या. काका मला म्हणाले, "नेतेस ना गं सांभाळून?" ते तिथेच होते, पण बाबा त्यांचा निरोप न घेता निघाले. काका त्यावरही काहीतरी गमतीचं बोलायला गेले आणि मग हातातल्या किल्ल्या मोजत बसले.

६

घरी आल्यावर तीन दिवस चांगले गेले, म्हणजे वाईट झाले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी बाबा त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. नुकताच रंग दिलेली पांढरी भिंत होती. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "त्याला काच लागत नाही, मुंगे."

मग त्यांनी वही मागितली. मी नको म्हटलं. ते म्हणाले, बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण दिसतंय त्याला काय करू? आणि दिसतंय तर नोंद झाली पाहिजे. निदान कळेल तरी, किती दिवस आहेत. मी वही आणली.

पण नोंदीला शेजारी लागतात, आणि बाबांजवळ आता मीच एक उरले होते. ते एकदा भिंतीकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. पहिल्या दिवशी म्हणाले, मुंगीच्या पाच पायऱ्या खाली. दुसऱ्या दिवशी साडेतीन. मी भडक लाल स्वेटर घातला, भर उन्हाळ्यात. खिडक्या उघड्या टाकल्या, अंगावर ऊन घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी दोन. आकडा सांगताना ते माझी माफी मागितल्यासारखं हसायचे. आईने दाराआडून ऐकलं आणि म्हणाली, खोटा आकडा सांगायला काय जातंय यांचं. पण बाबांनी आयुष्यात कधी खोटा आकडा सांगितलेला नाही.

ज्या दिवशी "बरोबरीत" असं लिहिलं, त्या दिवशी मी ठरवलं, तो मला बघायचाच. मी त्यांच्या खुर्चीमागे गेले, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, म्हणजे दोघांची नजर एका रेषेत येईल. भिंत नुसती भिंत होती. रंगाच्या ब्रशचा एक केस चिकटलेला दिसत होता. बाबांच्या सदऱ्याला साबणाचा वास येत होता.

लहानपणी त्यांनी मला गच्चीवर शिकवलं होतं, की अगदी मंद तारा बघायचा तर त्याच्याकडे बघायचं नाही. जरा बाजूला बघायचं, मग तो डोळ्याच्या कडेला येतो. मी ब्रशच्या केसाकडे बघितलं.

तो आला.

काळा होता. भिंतीवर नव्हता, भिंतीच्या खूप मागे होता, जिथे खरं तर शेजाऱ्यांचं घर, रस्ता आणि मैदान आहे. आणि तो गोल नव्हता. तारा कितीही मोठा करून बघितला तरी तो ठिपकाच राहतो. याला उंची होती. आम्ही इतके दिवस म्हणत होतो की नवा एका जागेवरून हलत नाही, नुसता वाढतो. मला तेव्हा कळलं की सरळ आपल्याकडे चालत येणारं माणूस लांबून तसंच दिसतं.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा भिंत होती. बाबांनी खांद्यावरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "दिसला?"

मी नाही म्हणाले. खोटा आकडा मीच सांगितला.

७

काल शाळा सुरू झाली. मी जाणार नव्हते, पण आईने सांगितलं, निदान अर्धा दिवस जा, मी आहे. ती आहे म्हणजे आत आहे. आम्ही आता घरात असंच बोलतो.

दुपारी परत आले तेव्हा आई अंगणात कपडे वाळत घालत होती. मी दप्तर ठेवलं, वही आणि पेन्सिल घेतली, लाल स्वेटर चढवला आणि बाबांच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं. बाबांनी मान वर करून हसून बघितलं. मला इतकं बरं वाटलं की मी जवळजवळ रडलेच.

पण ते माझ्याकडे बघत नव्हते. खोलीत भिंतीजवळ एक स्टूल आहे, मी रोज ज्यावर बसते ते. ते स्टुलाकडे बघत होते, माझं डोकं येतं त्याहून बरंच वर.

"आज लवकर आलीस, मुंगे," ते म्हणाले. "आणि किती स्वच्छ दिसतेस."

मी म्हटलं, "बाबा, मी इथे आहे."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, बाहेर कुणीतरी दुसऱ्याच्या घरी हाक मारत असल्यासारखं. ते उठले आणि दाराकडे आले. सरळ माझ्याकडे. मी हलले नाही, मला वाटलं, अंगाला अंग लागलं तर कळेल. त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. तो त्यांचाच होता, उबदार, बोटांवर शाईचे जुने डाग असलेला. त्यांनी तो माझ्या हातातून असा सोडवून घेतला, जसा दाराच्या कडीत अडकलेला सदरा सोडवतात. मग त्यांनी दार लावलं.

मी आईला हाक मारली नाही. तिला काय सांगणार होते? मी दाराला कान लावून उभी राहिले.

आतून बाबांचा आवाज येत होता, कामाचा, शांत. क, दिसतो. ख, दिसतो. ग, दिसतो. सगळे परत आल्यासारखे ते एकेक नाव घेत होते आणि प्रत्येकानंतर थांबत होते. लिहायला जितका वेळ लागतो, बरोबर तितकाच. मी माझी पेन्सिल मुठीत घट्ट आवळली, तिचा आवाज होऊ नये म्हणून. मग ते पुढच्या वेळी थांबले, तेव्हा आत कुणीतरी पान उलटलं.